पीअर-टू-पीअर हायपरमीडिया: डेटा हलवायचा, पण दुवे तुटू द्यायचे नाहीत

२००९ साली याहूने जिओसिटीज ही लोकांची व्यक्तिगत पाने ठेवणारी वेबसेवा बंद केली, तेव्हा स्वयंसेवकांनी तिथली पाने मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतली. मजकूर पुष्कळसा वाचला. इतर साइटांवरून त्या पानांकडे जाणारे दुवे मात्र मेले, कारण प्रत आता वेगळ्या पत्त्यावर होती आणि दुव्याला फक्त जुना पत्ता ठाऊक होता. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यांतली काही कायमची गेली असतील, काही दुसरीकडे कुठे तरी असतीलही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

पीअर-टू-पीअर व्यवस्थेत, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय यंत्रे थेट एकमेकांना मजकूर देतात तिथे, जागा बदलणे हा रोजचाच कारभार असतो. लॅपटॉप मिटला की नोड (नेटवर्कमधले एक यंत्र) गेला, नेटवर्क बदलले की आयपी पत्ता बदलला, फोन हरवला की त्यावरची प्रत गेली. शिवाय लेखक यंत्र बदलतो, संस्था सॉफ्टवेअर बदलते, एका दस्तऐवजाचे दोन होतात. हे सगळे होत असताना हायपरमीडियातला, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकूर, चित्रे आणि ध्वनी यांतला, दुवा टिकला पाहिजे.

या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगतो. डेटा सुखरूप हलेल की नाही, हे हलवण्याच्या दिवशी ठरत नाही. दुवा लिहिला त्या दिवशीच ते ठरलेले असते. दुव्यात पुरेशी माहिती असेल तर हलवण्याचे काम बरेचसे यांत्रिक होते. नसेल, तर कितीही चांगले साधन वापरले तरी अर्धे दुवे हाताने शोधत बसावे लागते. म्हणून या लेखातला मोठा भाग प्रत्यक्ष हलवण्याच्या आधीच्या तयारीचा आहे.

पायरी १: नेमके काय हलते आहे ते लिहून काढा

‘डेटा हलवायचा आहे’ एवढ्यावर कामाला लागू नका. फक्त नोडचा नेटवर्क पत्ता बदलत असेल, तर बहुतेक प्रणाली ते आपोआप सांभाळतात. नोडची ओळख त्याच्या कीवर (एक गुप्त आणि एक जाहीर अशा अंकांच्या जोडीवर) असते आणि नवा पत्ता डीएचटीत, म्हणजे नोडांत विभागून ठेवलेल्या सामायिक सूचीत, जाहीर होतो. प्रत दुसऱ्या नोडवर न्यायची असेल तर काम थोडे वाढते. लेखक नव्या यंत्रावर जात असेल तर प्रश्न कीचा होतो. दस्तऐवज एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जात असेल, तर नावे, अँकर (दस्तऐवजाच्या आत दुवा जिथे लागतो ती खूण), आवृत्त्या सगळेच बदलते. तुमचे स्थलांतर यांपैकी कोणते, हे ठरवून एका ओळीत लिहा. एकाच वेळी दोन प्रकार करायची वेळ येत असेल तर ते दोन टप्प्यांत करा. यंत्र आणि प्रणाली एकाच दिवशी बदलली, तर बिघाड कुठे झाला ते शोधणे फार कठीण जाते.

मग यादी करा: दस्तऐवज, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, चित्रे आणि ध्वनिफिती, दुवे, अँकर, स्वाक्षरीच्या की, एन्क्रिप्शनच्या की, आणि दुसऱ्यांनी तुमच्या मजकुरावर केलेल्या टिपा. शेवटच्या दोन गोष्टी यादीतून हमखास सुटतात.

तुमच्याकडे येणाऱ्या दुव्यांची पूर्ण यादी मात्र कधीच मिळणार नाही. ऑस्ट्रियात ग्राट्सला तयार झालेल्या हायपर-जी या प्रणालीत सर्व्हर एकमेकांना बदल कळवत आणि दुवे जुळवून घेत. तिथे सर्व्हर कोणते ते माहीत होते आणि ते चालू असत. इथे तुमच्याकडे दुवा देणारा कोण, तो आज ऑनलाइन आहे का, हे कळायला मार्ग नाही. तेव्हा ‘बदल झाला की सगळ्यांना कळवू’ हा बेत सोडून द्या. दुवा उघडणाऱ्याला स्वतःच्या बळावर नवी जागा शोधता आली पाहिजे, अशीच रचना हवी.

पायरी २: नाव आणि जागा यांची फारकत करा

साध्या वेब पत्त्यात यजमान यंत्राचे नाव आणि फाइलचा मार्ग असतो, म्हणजे नावातच जागा. पीअर-टू-पीअर प्रणालींनी यावर दोन उपाय काढले आणि दोन्ही लागतात.

पहिला उपाय हॅशचा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाचा. आयपीएफएस या पीअर-टू-पीअर साठवणप्रणालीत सीआयडी हे नाव मजकुरावरूनच निघते, सहसा एसएचए-२५६ ही हॅशपद्धत वापरून. प्रत कोणत्याही नोडकडून घ्या, हॅश काढून ताडून पाहा. जुळला तर मजकूर अस्सल. जागेचा संबंधच उरत नाही. अडचण अशी की एक स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलते. दुसरी एक अडचण पुष्कळांच्या लक्षात येत नाही: सीआयडी केवळ फाइलच्या बाइटांवर ठरत नाही. फाइलचे तुकडे केवढे पाडले, त्यांची झाडासारखी रचना कशी केली, सीआयडीची आवृत्ती कोणती, यांवरही तो ठरतो. आयपीएफएसच्या कुबो या सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचे पूर्वापार ठरलेले माप २५६ किबीबाइट आहे. तीच फाइल दुसऱ्या साधनाने १ मेबीबाइटच्या तुकड्यांत घातली, तर बाइट जसेच्या तसे असूनही सीआयडी वेगळा येतो आणि जुने दुवे तिला ओळखत नाहीत. म्हणून स्थलांतरात फाइल नव्याने ‘अ‍ॅड’ करू नका. आधीचे तुकडे त्यांच्या रचनेसह निर्यात करा. त्यासाठी सीएआर हे फाइलस्वरूप आहे; त्यात तुकडे आणि त्यांचे हॅश आहेत तसे जातात. शिवाय संपूर्ण फाइलचा साधा एसएचए-२५६ वेगळा नोंदवून ठेवा. प्रणाली बदलली तरी तो बदलत नाही.

दुसरा उपाय कीचा. आयपीएनएस (आयपीएफएसची नावपद्धत), हायपरकोर (पीअर-टू-पीअर लॉगप्रणाली) आणि बिटटॉरेंटचे बीईपी ४४ (डीएचटीत नोंद ठेवायचा नियम) या तिघांत कल्पना एकच: नाव म्हणजे पब्लिक की, जोडीतली जाहीर की, आणि मजकूर बदलला की खाजगी कीने सही केलेली नवी नोंद प्रसिद्ध करायची. एड२५५१९ या सहीच्या पद्धतीत पब्लिक की ३२ बाइटची आणि सही ६४ बाइटची असते. नोंदीला चढता क्रमांक असतो, त्यामुळे जुनी नोंद कोणी परत पसरवली तरी ती मागे पडते. नाव कायम राहते, मजकूर बदलत राहतो. किंमत अशी: की हरवली तर ते नाव गोठले, आणि चोरीला गेली तर नाव दुसऱ्याचे झाले.

माणसांना वाचता येणारी नावे, उदाहरणार्थ डोमेननावावर बेतलेली डीएनएसलिंक, सोयीची आहेत. पण डोमेनचे नूतनीकरण चुकले की ती संपली. ती दाराची पाटी म्हणून वापरा, दुव्यात साठवू नका.

मग दुव्यात काय साठवायचे? माझे मत ठाम आहे: दोन्ही. प्रकाशकाची की, कीखालचा मार्ग, आणि दुवा दिला त्या क्षणीच्या आवृत्तीचा हॅश. की सांगते ‘आज काय आहे’, हॅश सांगतो ‘मी काय पाहिले होते’. यांतले एकच ठेवणारी प्रणाली निवडायची वेळ आली तर दुसरे तुम्ही स्वतःच्या नोंदीत जोडा.

पायरी ३: दुवे दस्तऐवजाच्या पोटात ठेवू नका

१९८०च्या दशकाच्या शेवटी आणि १९९०च्या दशकात खुल्या हायपरमीडिया प्रणालींनी दुवे दस्तऐवजातून बाहेर काढून स्वतंत्र साठ्यात ठेवले. साउदॅम्प्टन विद्यापीठातली मायक्रोकॉस्म हे त्याचे ठळक उदाहरण. न्यू हॅम्पशरमध्ये १९८८ साली झालेल्या कार्यशाळेतून पुढे आलेल्या डेक्स्टर मॉडेलनेही साठवण आणि घटकाच्या आतली रचना वेगळी मानली आणि त्या दोघांच्या मध्ये अँकर ठेवले. वेबने ही वाट सोडली आणि दुवा थेट पानात घातला. एका सर्व्हरवर एक मालक असेल तिथे ते चालून गेले.

आपल्या कामात जुनी वाट जास्त उपयोगी आहे. दुवा मजकुरात असेल तर दुवा दुरुस्त करताना मजकुराचा हॅश बदलतो, मग त्या मजकुराकडे येणारे दुवे बदलावे लागतात, मग त्यांच्याकडे येणारे. दोन पाने एकमेकांकडे हॅशने दुवा देत असतील तर हे गणित सुटतच नाही: पहिल्याचा हॅश दुसऱ्याशिवाय निघत नाही आणि दुसऱ्याचा पहिल्याशिवाय. दुवे बाहेरच्या नोंदीत ठेवले की मजकूर तसाच राहतो आणि दुव्यांचा साठा स्वतंत्रपणे हलतो, दुरुस्त होतो. दुसऱ्याच्या दस्तऐवजावर दुवा ठेवायला त्याची परवानगीही लागत नाही.

दुव्याची एक नोंद अशी दिसेल:

प्रकार: संदर्भ
लक्ष्याची की: प्रकाशकाची पब्लिक की
मार्ग: देखभाल / पंप
पाहिलेली आवृत्ती: तेव्हाचा हॅश
अवतरण: दुसऱ्या झडपेची खात्री करा
आधी: पंप सुरू करण्यापूर्वी
नंतर: दाब चार बारवर
स्थान: १८४० ते १८६५
नोंद करणारा: माझी पब्लिक की, सोबत सही

पायरी ४: अँकर नीट बांधा

सगळ्यात जास्त दुवे इथे निकामी होतात, म्हणून इथे वेळ द्या. दस्तऐवज सापडतो, पण आतली जागा सापडत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस ठरलेले वेब अ‍ॅनोटेशन डेटा मॉडेल इथे तयार आधार देते. त्यात अँकर दोन प्रकारे सांगता येतो. एक, स्थानाने: मजकुराच्या सुरुवातीपासून कितव्या अक्षरचिन्हापासून कितव्यापर्यंत. दुसरा, अवतरणाने: नेमका मजकूर, त्याच्या आधीचा थोडा आणि नंतरचा थोडा. वरच्या नोंदीत दोन्ही आहेत. पाहिलेल्या आवृत्तीचा हॅश हातात असेल तर स्थान अचूक आणि झटपट आहे, कारण ती आवृत्ती कधीच बदलणार नाही. नव्या आवृत्तीत ते वाक्य दुसऱ्या प्रकरणात गेले असेल, तर स्थान निरुपयोगी आणि अवतरण कामाचे.

आता देवनागरी मजकुराची खास अडचण पाहा. ‘खात्री’ या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ते ६ कोडपॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हे) आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १८ बाइट. एक नोड बाइट मोजतो, दुसरा कोडपॉइंट, तिसरा दिसणारी अक्षरे, तर एकाच अँकरच्या तीन जागा होतात. वरचे मॉडेल कोडपॉइंटच मोजायला सांगते. तुम्हीही तेच धरा आणि नोंदीत तसे स्पष्ट लिहा.

याहून छुपी अडचण ‘दुसऱ्या’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवला जातो. कुणी ऱ हे एकच चिन्ह वापरतो आणि त्यापुढे हलन्त देतो. कुणाचा कीबोर्ड साधा र, नुक्ता आणि हलन्त अशी तीन चिन्हे टाकतो. तिसऱ्याचा कीबोर्ड र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदी जोडक टाकतो. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी. यंत्राला तीन वेगळे शब्द. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे समान चिन्हांना एकच रूप देण्याचा नियम, पहिली दोन रूपे एक करते, जोडकाचे रूप मात्र तसेच सोडते. म्हणजे मजकूर एका संपादकातून दुसऱ्या संपादकात गेला, त्याने जोडक काढला किंवा घातला, की अवतरण जुळायचे थांबते, आणि कारण डोळ्यांना कधीच दिसत नाही.

उपाय असा: तुलना करताना दोन्ही बाजूंच्या मजकुराची तात्पुरती प्रत घ्या, तिला एनएफसी लावा, र-हलन्त-जोडक या क्रमाचा ऱ-हलन्त करा, मग उरलेले न दिसणारे जोडक काढा आणि सलग रिकाम्या जागांची एक करा. हा क्रम पाळा. जोडक आधीच काढून टाकला तर अर्ध्या र चा रफार होतो. हे सगळे फक्त तुलनेपुरते. साठवलेल्या मूळ मजकुराला हात लावू नका, नाही तर त्याचा हॅश बदलेल.

शोधण्याचा क्रमही ठरवून ठेवा. पाहिलेलीच आवृत्ती हाती असेल तर स्थान घ्या आणि तिथला मजकूर अवतरणाशी जुळतो का ते बघा. नवी आवृत्ती असेल तर अवतरण शोधा. एकदाच सापडले तर काम झाले. अनेकदा सापडले तर आधीचा आणि नंतरचा मजकूर लावून निवडा; मी दोन्ही बाजूंना साधारण ३२ कोडपॉइंट ठेवतो, त्याहून कमी ठेवले तर नियमावलीसारख्या पुनरुक्तीच्या मजकुरात घोटाळा होतो. तंतोतंत नाही सापडले तर थोड्या फरकाने जुळणारे शोधा, पण वाचणाऱ्याला ‘ही जागा अंदाजे आहे’ असे दाखवा. तेही नाही, तर पाहिलेली जुनी आवृत्ती हॅशने आणून दाखवा आणि नव्या आवृत्तीत हा भाग आढळत नाही असे सांगा. चुकीच्या जागी गुपचूप नेणारा दुवा हा तुटलेल्या दुव्यापेक्षा वाईट. तुटलेला निदान फसवत नाही.

तुमचे संपादन ऑटोमर्ज किंवा वायजेएससारख्या, अनेकांचे बदल आपोआप एकत्र करणाऱ्या सीआरडीटी साधनात होत असेल, तर तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असते आणि तिच्यावर बांधलेला अँकर संपादनात सरकत नाही. फार चांगली सोय आहे. पण ती ओळख त्या साधनाच्या आतच अर्थपूर्ण असते. साध्या मजकुरात निर्यात केले की ती गेली. म्हणून सोबत अवतरण हवेच.

चित्रे आणि ध्वनिचित्रफितींसाठी डब्ल्यूथ्रीसीची २०१२ची मीडिया फ्रॅगमेंट्स शिफारस वापरा: वेळ सेकंदांत, चौकट टक्क्यांत. पिक्सेलमध्ये चौकट दिली तर चित्राचे माप बदलताच ती भलतीकडे जाते.

पायरी ५: निर्यात आणि मॅनिफेस्ट

निर्यातीसोबत एक मॅनिफेस्ट फाइल करा. प्रत्येक घटकासाठी एक ओळ: प्रणालीतले नाव, पूर्ण फाइलचा एसएचए-२५६, आकार, माध्यमाचा प्रकार, आधीच्या आवृत्तीचा हॅश. वर तुकड्यांचे माप आणि साधनाची आवृत्ती. खाली तुमची सही. पुढे काही बिघडले तर हीच फाइल साक्षीला असते.

एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराकडे विशेष लक्ष द्या. बाहेर फिरते ते सांकेतिक रूप, आणि हॅश त्याचाच असतो. नव्या नोडवर तोच मजकूर नव्याने एन्क्रिप्ट केला तर हॅश बदलेल आणि सगळे दुवे तुटतील. सांकेतिक रूप जसेच्या तसे न्या, की वेगळ्या मार्गाने न्या. एन्क्रिप्शनची की बदलायचीच असेल तर ती नवी आवृत्ती समजा आणि तशी प्रसिद्ध करा.

पायरी ६: एक की एकाच यंत्रावर

हायपरकोर आणि सिक्युअर स्कटलबट या पीअर-टू-पीअर प्रणालींमध्ये प्रत्येक लेखकाचा एक लॉग असतो. त्यात फक्त शेवटी भर घालता येते, प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो आणि नोंदी लेखकाच्या सहीने बांधलेल्या असतात. ही रचना स्थलांतराला अतिशय सोयीची आहे: लॉग कोणाकडूनही घ्या, सह्या तपासा, झाले. पण तिची एक अट कडक आहे. त्या लॉगमध्ये लिहिणारा एकच हवा. तीच की जुन्या आणि नव्या अशा दोन यंत्रांवर ठेवून दोन्हींकडून लिहिले, तर एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या नोंदी तयार होतात आणि लॉगला फाटा फुटतो. स्कटलबटमध्ये फाटा फुटलेला लॉग इतर पीअर (नेटवर्कमधले साथी नोड) पुढे स्वीकारत नाहीत. मग ती ओळख सोडून नवी घेण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

यात सगळ्यात फसवा प्रसंग बॅकअपचा. यंत्र बिघडले, काही काळापूर्वीचा बॅकअप नव्या यंत्रावर उतरवला आणि लगेच काही तरी लिहिले. बॅकअपनंतर तुम्ही लिहिलेल्या नोंदी इतरांकडे पोहोचलेल्या असतात. तुमच्या नव्या यंत्राला त्यांची खबर नसते, आणि ते आधी वापरलेलाच क्रमांक पुन्हा वापरते.

म्हणून क्रम असा ठेवा. जुन्या यंत्रावर लिहिणे थांबवा. शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि हॅश कागदावर लिहा. लॉग आणि की नव्या यंत्रावर न्या. जुन्या यंत्रावरची की काढून टाका. नुसते सॉफ्टवेअर बंद करणे पुरत नाही, कारण ते यंत्र पुन्हा सुरू झाले की सॉफ्टवेअरही आपोआप सुरू होऊ शकते. नव्या यंत्रावर आधी फक्त वाचा: निदान दोन-तीन पीअरशी सिंक होऊ द्या आणि त्यांना तुमच्या लॉगचा सर्वांत मोठा क्रमांक कोणता माहीत आहे ते बघा. तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळला तरच पहिली नवी नोंद करा. जुने यंत्र मेलेले असेल आणि कागदही नसेल, तर थोडे जास्त थांबा आणि ज्यांच्याशी नेहमी सिंक होते ते पीअर ऑनलाइन येऊ द्या.

कायम दोन यंत्रांवरून लिहायचे असेल तर प्रत्येक यंत्राला स्वतःची की द्या आणि ते लॉग वरच्या थरात एकत्र करा. हायपरकोरच्या कुटुंबात ऑटोबेस हेच काम करते. यात रचना थोडी गुंतते, पण फाटा फुटण्याची भीती जाते.

पायरी ७: कॉपी, पडताळणी, घोषणा, प्रतीक्षा, मग निरोप

सीएआर फाइल किंवा लॉग नव्या नोडवर उतरवा. सगळे घटक पिन करा, म्हणजे पुसू नयेत अशी खूण लावा. पिन नसलेला मजकूर नोडच्या साफसफाईत उडतो, आणि ती साफसफाई लगेच होतेच असे नाही. तोवर सगळे ठीक दिसत राहते. मग मॅनिफेस्टमधल्या प्रत्येक ओळीचा हॅश नव्या नोडवर काढून ताडा.

यानंतर खरी परीक्षा. तिसरा नोड घ्या, ज्याच्यावर हा मजकूर कधीच आलेला नाही आणि जो वेगळ्या नेटवर्कवर आहे. जुना नोड तात्पुरता बंद करा. तिसऱ्या नोडवरून दुवे उघडा. स्वतःच्याच यंत्रावर तपासले तर कॅश, म्हणजे आधी साठवलेली तात्पुरती प्रत, सगळे झाकते. एकाच नेटवर्कवर तपासले तर राउटरमागचा नोड बाहेरून गाठता येतो का, ते कळत नाही. गाठता येत नसेल तर होल पंचिंग (राउटरमधून थेट वाट काढणे) किंवा रिले (तिसऱ्या यंत्रामार्फत जोडणी) सुरू आहे का ते पाहा.

घोषणेचे गणित समजून घ्या. आयपीएफएसचा डीएचटी २००२ मध्ये मांडलेल्या कडेमलिया या रचनेवर उभा आहे. ‘हा मजकूर माझ्याकडे आहे’ ही नोंद हॅशच्या सर्वांत जवळच्या २० नोडांवर ठेवली जाते. ती ४८ तासांनी बाद होते, म्हणून कुबो साधारण दर २२ तासांनी ती पुन्हा टाकतो. बीईपी ४४ मधल्या नोंदी दोन तासांत जाऊ शकतात. त्या दर तासाला पुन्हा टाकायच्या असतात आणि त्यांतला मजकूर १००० बाइटच्या आतच हवा. म्हणजे डीएचटी हा साठा नाही. ती लवकर विसरणारी सूची आहे, आणि तिला सतत आठवण करून देणारा कोणी तरी जागा पाहिजे. नवा नोड रात्री बंद राहणार असेल, तर सतत चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या नोडला प्रत ठेवायला आणि घोषणा करायला सांगा.

नव्या नोडची घोषणा सुरू झाल्यावर जुना नोड चालूच ठेवा. किती दिवस? सर्वांत लांब मुदतीच्या दुप्पट, हे अगदी किमान. क्वचित येणारे वाचक असतील तर काही महिने. मोठ्या संग्रहाला तर मी जुना नोड प्रतधारक म्हणून कायम ठेवायचा सल्ला देईन; बदलतो तो फक्त त्याचा लिहिण्याचा अधिकार.

पायरी ८: की बदलली तर पुढची नोंद

की कायम राहिली तर ही पायरी लागत नाही. बदलली तर जुन्या कीच्या लॉगमध्ये शेवटची म्हणून एक नोंद टाका:

जुनी की
नवी की
जुन्या लॉगचा शेवटचा क्रमांक आणि हॅश
व्याप्ती: संपूर्ण संग्रह, किंवा जुना मार्ग आणि नवा मार्ग यांचा तक्ता
तारीख
जुन्या कीची सही
नव्या कीची सही

सह्या दोन का? जुन्या कीची सही सांगते की वारस हाच. नव्या कीची सही सांगते की मला हे मान्य आहे. दुसरी नसेल तर कोणीही आपला नकोसा मजकूर परक्या कीच्या नावावर ढकलू शकेल. मास्टोडॉन या समाजमाध्यमात खाते हलवतानाही अशीच दुहेरी संमती लागते: नव्या खात्यावर जुन्याचे नाव आधी नोंदवावे लागते. मात्र तिथे अनुयायी हलतात आणि जुन्या पोस्टी जुन्या सर्व्हरवरच राहतात, कारण त्यांच्या नावात सर्व्हर गुंतलेला आहे. ब्लूस्काय या समाजमाध्यमाच्या एटी प्रोटोकॉलमध्ये खात्याची ओळख सर्व्हरपासून वेगळी असते, म्हणून तिथे मजकुराचा संग्रह सीएआर फाइल म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतो आणि जुनी नावे चालत राहतात. चित्रे आणि इतर माध्यमे वेगळी न्यावी लागतात, हे तिथेही विसरू नका.

व्याप्तीचा तक्ता एका दस्तऐवजाचे दोन झाले तेव्हा उपयोगी पडतो. एका जुन्या मार्गाला दोन नवे मार्ग द्या. उघडणाऱ्याने दोन्हींत अवतरण शोधावे. इथे पायरी ४ मधली मेहनत फळाला येते, कारण नुसता मार्ग असता तर निवड करताच आली नसती.

उघडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही शिस्त हवी. एका नोंदीवरून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे अशी साखळी होऊ शकते. मर्यादा घाला, आठ टप्पे भरपूर झाले. साखळीत तीच की पुन्हा आली तर थांबा. नवी जागा सापडली की ती दुव्याच्या नोंदीत जोडा, पण जुनी पुसू नका.

जुनी की हरवलीच असेल तर अशी सही करता येणार नाही. त्यासाठी आधीपासून एक राखीव की तयार करून तिची पब्लिक की लॉगच्या सुरुवातीच्या नोंदींत जाहीर करून ठेवा. ब्लूस्कायच्या डीआयडी-पीएलसी या ओळखपद्धतीत अशा कींना प्राधान्यक्रम असतो, आणि वरच्या क्रमाची की ७२ तासांच्या आत खालच्या कीने केलेला बदल उलटवू शकते. चोरीविरुद्ध ही मुदत मोलाची आहे. स्वतःची प्रणाली लिहीत असाल तर अशी सवड ठेवाच.

पायरी ९: जे तुमचे नाही

दुसऱ्यांच्या टिपा त्यांच्या सहीसकट, एक बाइटही न बदलता न्या. सोयीसाठी त्या तुमच्या कीने पुन्हा सही करून टाकल्या तर लेखकपण पुसले जाते, आणि त्या माणसाला आपली टीप नंतर सुधारता किंवा मागे घेता येत नाही. कोणी टीप मागे घेतल्याची नोंद केली असेल तर ती नोंदही न्या. नाही तर नव्या जागी ती टीप पुन्हा जिवंत होईल.

खाजगी मजकुराचे तर सरळ आहे: एकदा प्रत बाहेर गेली की ती परत आणता येत नाही. फोन नंबरसारख्या छोट्या मजकुराचा नुसता हॅशही उघडा ठेवू नका. शक्य असलेले सगळे नंबर घालून बघणे यंत्राला अवघड नाही.

पायरी १०: जुना नोड बंद करण्याआधी

दुव्यांच्या साठ्यातून वेगवेगळ्या वयाचे काही दुवे निवडा: अगदी नवे, सर्वांत जुने, चित्रावरचे, फुटलेल्या दस्तऐवजावरचे, एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरावरचे. प्रत्येक दुवा तिसऱ्या नोडवरून उघडा आणि निकाल चार गटांत नोंदवा: तंतोतंत सापडला, अंदाजे सापडला, फक्त जुनी आवृत्ती मिळाली, काहीच मिळाले नाही. शेवटच्या गटातला प्रत्येक दुवा हाताने तपासा. अंदाजे सापडलेल्यांत एकाच प्रकारचे पुष्कळ असतील, तर बहुधा प्रमाणीकरणात काही तरी सुटले आहे. जोडक पुन्हा बघा.

जुन्या नोडवर आलेल्या मागण्यांच्या नोंदींत अजून कोणत्या हॅशची मागणी येते तेही बघा. जी मागणी नव्या नोडवर पुरी होऊ शकत नाही, तो घटक यादीतून सुटला आहे. तो न्या, पिन करा, घोषणा होऊ द्या आणि पुन्हा थोडे थांबा. अशी एकही मागणी उरली नाही, की राखीव कीची प्रत आणि मॅनिफेस्ट यंत्रांपासून दूर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मगच जुना नोड बंद करा.